बागेतली इवलीशी माशी: फोटोवरून ओळख कशी पटवायची

फोटो छान आला म्हणजे माशी ओळखता येईलच असं नाही. बहुतेक फोटोंत डोळे लखलखीत असतात, मागची पानं धूसर असतात, पाठीवर ऊन चमकत असतं, आणि पंखांच्या जागी नुसती एक उजळ रेघ असते. अशा फोटोपुढे जाणकारही हात टेकतो. उलट साध्या उजेडातला, जरासा हललेला, पण बरोब्बर वरून घेतलेला फोटो पाहून तोच माणूस चटकन कुळ सांगून मोकळा होतो, कधी कधी जातही. म्हणून या लेखात फोटोचं आणि ओळखीचं एकत्रच बोलू. पुढे काय काय बघायचं आहे हे माहीत असलं की कॅमेरा कुठून धरायचा ते आपोआप कळतं.

आता, एवढ्याशा माशीची ओळख हवी कशाला? वालाच्या शेंड्यावर मावा पडला की त्यात एखादी हिरवट, बिनपायाची अळी सरपटताना दिसते. ‘अळी पडली’ म्हणून आपण फवारा मारतो आणि माव्यासोबत तीही मरते. खरं तर ती सिरफिड माशीची, म्हणजे हवेत एका जागी तरंगणाऱ्या माशीची, अळी असते आणि त्या माव्यावरच ताव मारत असते. दुसरीकडे कारल्याच्या वेलावर एक देखणी, पिवळ्या पट्ट्यांची माशी बसलेली दिसते, आपण कौतुकाने फोटो काढतो, आणि काही दिवसांत तीच कारली वाकडी होऊन पिवळी पडून गळतात. पहिलीला जपायचं आणि दुसरीला आवरायचं तर आधी दोघींतला फरक कळायला हवा.

फोटो काढताना

वेळ सकाळची निवडा. ऊन तापायच्या आधी माश्या सुस्त असतात, पानावर बसून अंग शेकत असतात. दुपारी त्याच माश्या हाती लागत नाहीत. जवळ जाताना आपली सावली तिच्यावर पडू देऊ नका; हालचालीपेक्षाही सावली पडली की माशी हमखास उडते. उडाली तरी जागा सोडू नका. सिरफिड आणि लांब पायांच्या हिरव्या माश्या बऱ्याचदा फिरून त्याच पानावर येऊन बसतात.

मोबाइलच्या मॅक्रो मोडची एक अडचण असते. त्यासाठी मोबाइल माशीपासून दोन-चार सेंटीमीटरवर न्यावा लागतो आणि तेवढ्यात ती उडते. चिमट्याने लावायची मॅक्रो भिंग मिळतात, त्यांतली जरा लांबून फोकस होणारी घ्या. डिजिटल झूम मात्र टाळा. अनेक मोबाइल धूसर फोटोला ‘सुधारून’ त्यात नसलेला पोत भरतात. पाठीवरचे केस किंवा पंखातल्या शिरा मोबाइलने कल्पनेने काढल्या असतील तर त्यावरून ओळख करणं व्यर्थ आहे. सौंदर्य वाढवणारे सगळे मोड बंद, फिल्टर बंद.

एकाच माशीचे निदान चार फोटो हवेत: वरून, बाजूने, समोरून चेहऱ्याचा, आणि पंखांचा. यातला वरचा आणि पंखांचा हे दोन तरी सोडू नका. पंख पारदर्शक असल्याने त्यामागे गडद काही असलं, म्हणजे सावलीतलं पान किंवा काळी माती, आणि उजेड तिरका पडत असला की शिरा स्पष्ट उठून दिसतात. गडद पार्श्वभूमीवर पंखांत कधी हिरवे-जांभळे झळाळते रंगही दिसतात. ते पंखाच्या अतिपातळ पडद्यातून परतणाऱ्या प्रकाशाचे रंग असतात, त्यांना डाग समजू नका. खरा डाग तपकिरी किंवा काळा असतो आणि कोन बदलला तरी जागेवर राहतो.

चकाकणाऱ्या माश्यांसाठी एक्स्पोजर थोडं उतरवा, नाहीतर हिरवी पाठ पांढरीफटक येते. फ्लॅश वापरायचाच असेल तर त्यावर बटर पेपरचा तुकडा चिकटवा.

आकार लिहून ठेवणं फार महत्त्वाचं, आणि तेच नेमकं राहून जातं. माशीजवळ पट्टी नेली की ती उडणारच. त्यापेक्षा माशी उडून गेल्यावर ती ज्या पानावर बसली होती त्यावर पट्टी ठेवून दुसरा फोटो घ्या. पानावरच्या शिरांशी, ठिपक्यांशी पडताळून माशीची लांबी मिलिमीटरमध्ये निघते. ‘छोटीशी’ हा शब्द मात्र कुणाच्याच कामाचा नाही. कुणाची छोटीशी माशी दोन मिलिमीटरची असते, तर कुणाची दहा.

तारीख, गाव, झाड, आणि ती काय करत होती हे लगेच टिपून ठेवा. पंख हलवत होती का, हवेत एका जागी तरंगत होती का, फळावर पोटाचं टोक टेकवत होती का. या एका ओळीने कधी कधी अर्धं काम होतं.

मुळात ही माशीच आहे ना?

माश्यांना पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी दोन इवले दांडे असतात, टोकाला गाठ असलेले. त्यांना हॉल्टिअर म्हणतात आणि उडताना तोल सांभाळणं हे त्यांचं काम. बाजूने घेतलेल्या चांगल्या फोटोत पंखाच्या मुळाशी, जरा मागे, ते फिकट ठिपक्यासारखे दिसतात. दिसले तर प्रश्न मिटला.

पण पंख मोजणं दिसतं तेवढं सोपं नसतं. मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे फोटोत चारचे दोनच दिसतात. मग मिशा बघा. मधमाशीच्या आणि गांधीलमाशीच्या मिशा लांब, कोपरासारख्या वाकलेल्या किंवा सरळ पुढे आलेल्या असतात. आपल्याला दिसणाऱ्या बहुतेक पट्टेरी माश्यांच्या मिशा इतक्या आखूड की समोरच्या फोटोशिवाय कळत नाहीत. माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात. मागच्या पायावर परागाची गोळी दिसली तर ती मधमाशी. सिरफिड माश्या मधमाशीचं सोंग इतकं बेमालूम घेतात की इथे गडबड होणं अगदी स्वाभाविक आहे.

पांढरी माशी नावात माशी असली तरी माशी नाही. ती मावा-तुडतुड्यांच्या गोतावळ्यातली, रस शोषणारी. पिठ्या ढेकणाच्या नरालाही पंखांची एकच जोडी असते आणि तो चिलटासारखा दिसतो, पण त्याच्या शेपटीला मेणाचे लांब पांढरे धागे असतात.

मिशा, मग डोळे

माशी ठरली की तिची मिशी बघा. मिशा लांब आणि पुष्कळ मणी ओवल्यासारख्या असतील तर ती डासांच्या बाजूची. बागेत या गटातल्या दोन तर घरोघर असतात. कुंडीच्या ओल्या मातीवरून काळसर, तीनेक मिलिमीटरची, लांब पायांची चिलटं उडतात ती बुरशी-चिलटं, कुळ सायारिडी. पाणी जास्त होतंय हे त्यांच्यामुळे कळतं. पंखाच्या मध्यावर एका शिरेला स्पष्ट दुफाटा फुटतो, फोटोत तेवढा दिसला तरी पुरे. दुसरी बाथरूमच्या भिंतीवर बसणारी, केसाळ रुंद पंखांची, एखाद्या बारक्या पतंगासारखी दिसणारी. पंखांच्या कडेला पांढरे ठिपके ओळीने असतील तर क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा म्हणायला हरकत नाही. बागेत ती येते ती सांडपाण्याच्या जाळीपाशी.

मिशा आखूड, तीन भागांच्या आणि त्यावर एक केस असेल तर तुम्ही खऱ्या अर्थाने माश्यांच्या घरात आलात, आणि इथून पुढे काम वाढतं.

डोळ्यांवरून आधी नर-मादी कळते. पुष्कळ कुळांत नराचे डोळे कपाळावर एकमेकांना भिडतात आणि मादीच्या डोळ्यांमध्ये पट्टी राहते. हे कळलं की ‘या दोन वेगळ्या जाती’ असं वाटणाऱ्या जोड्या एकाच जातीच्या निघतात. डोळ्यांवरचे पट्टे आणि ठिपके मात्र जिवंत माशीच्याच फोटोवरून बघावेत. घोडमाश्यांचे डोळ्यांवरचे सुंदर पट्टे मेल्यावर विरून जातात.

पंख: इथे वेळ द्या

रंग फसवा असतो. नुकतीच कोषातून निघालेली माशी फिकट असते, अंडी भरलेल्या मादीचं पोट ताणून त्यावरचे पट्टे रुंद दिसतात, आणि मोबाइलचं व्हाइट बॅलन्स पिवळ्याचं केशरी करतं. पंखातल्या शिरांना मात्र कॅमेऱ्याचा रंग फसवू शकत नाही. माश्यांच्या कुळांची जी वर्गीकरणं आहेत ती पुष्कळशी या शिरांवरच उभी आहेत.

शिरांची सगळी नावं पाठ करायची गरज नाही. चार-पाच खुणा पुरतात.

सिरफिड माशीच्या पंखात मध्यभागी एक खोटी शीर असते, घडीसारखी. ती कुठून निघत नाही आणि कुठे जाऊन मिळत नाही, मध्येच उमटते आणि मध्येच संपते. शिवाय मोठ्या शिरा पंखाच्या बाहेरच्या कडेपर्यंत न जाता अलीकडेच वळतात आणि कडेला समांतर धावतात, त्यामुळे पंखाला दोन कडा असल्याचा भास होतो. या दोन खुणा दिसल्या की पट्टे असोत नसोत, कुळ सिरफिडी.

घरमाशी आणि तिच्या नातलगांत पंखाच्या टोकाजवळ मधली शीर झपकन पुढे वळते. हिरव्या-निळ्या चकाकत्या माश्या, मांसमाशी आणि घरमाशी या तिघींत हे वळण असतं. मग पाठीकडे वळा: घरमाशीच्या छातीवर चार काळे उभे पट्टे, मांसमाशीच्या छातीवर तीन आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटी. चकाकत्या हिरव्या माशीचे डोळे विटकरी आणि मोठे असतील तर क्रायसोमाया मेगासेफालाचा संशय घ्या.

पंखांवर तपकिरी डाग-पट्टे असतील तर फळमाश्यांचं कुळ, टेफ्रिटिडी, आधी डोक्यात यावं. पण तेवढ्यावर थांबू नका. प्लॅटिस्टोमॅटिडी आणि उलिडिडी या कुळांतल्या माश्यांचे पंखही नक्षीदार असतात आणि त्याही पंख हलवत चालतात. टेफ्रिटिडीत पंखाच्या पुढच्या कडेलगतची बारीक शीर कडेला मिळण्याआधी जवळजवळ काटकोनात वळते. मोबाइलच्या फोटोत हे क्वचितच दिसतं. दिसलं तर निर्णय पक्का. टेफ्रिटिडी कुळाच्या मादीला पोटाच्या टोकाला अंडी घालायचं निमुळतं, कडक टोक असतं. ते मोबाइलमध्येही येतं, त्यामुळे मादीचा बाजूचा फोटो मिळवा.

बागेतली नेहमीची मंडळी

सिरफिड माश्या हवेत एका जागी स्थिर तरंगतात, हे सगळ्यात सोपं. त्यातली एपिसिर्फस बाल्टिएटस ओळखायला मोबाइल पुरतो: पोट केशरी-पिवळं, आणि मधल्या दोन खंडांवर प्रत्येकी दोन काळे पट्टे, एक जाड आणि त्याच्या पुढे एक बारीक, मिशीसारखा. हा जाड-बारीक जोडपट्टा दिसला की काम झालं. इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस हिचं पोट काळं असून त्यावर दोन्ही बाजूंना पिवळे तिरके डाग असतात आणि छातीच्या कडेने पिवळी पट्टी जाते. परागस नावाच्या माश्या चार ते सहा मिलिमीटरच्याच, डोळ्यांवर केसांच्या उभ्या पट्ट्या असतात, पण जात ठरवायला फोटो पुरत नाही. ‘परागस प्रजाती’ लिहून थांबा (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, कुळ त्याहून मोठं). डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असलेली जाडसर माशी एरिस्टॅलिनस. तिच्या अळ्या घाण पाण्यात राहतात आणि त्यांना श्वास घ्यायला लांब शेपटी असते. फुलांवरच्या माश्यांत स्टोमोऱ्हिना नावाची माशीही असते. तिचेही डोळे पट्टेरी आणि पोट पिवळसर असल्याने ती सिरफिडमध्येच खपून जाते. पंखातली खोटी शीर शोधा. तिला ती नसते.

पानावर ताठ उभी राहणारी, लांब सडसडीत पायांची, सोनेरी-हिरवी इवली माशी म्हणजे डोलिकोपोडिडी. पानावर पळते, थांबते, एकदम उडून दुसऱ्या पानावर जाते. ती मऊ अंगाचे बारीक किडे खाते, त्यामुळे बागेतली तिची हजेरी चांगलीच. तिची जात फोटोवरून विचारू नका. नराच्या पोटाखाली वळलेल्या जननेंद्रियांवर आणि पायांच्या केसांवर ती ठरते. अॅपने तुम्हाला झटकन एखादी अमेरिकन जात सुचवली असेल तर ती खोडून कुळावर या.

टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या वळणदार रेघा आणि जवळच दीड-दोन मिलिमीटरची काळी-पिवळी माशी दिसली तर नागअळीची माशी, लिरिओमायझा. इथे माशीपेक्षा पानाचा फोटो बोलका असतो.

कंपोस्टच्या डब्याभोवती पंधरा-वीस मिलिमीटरची काळी, गांधीलमाशीसारखी सुस्त माशी असते. पंख एकावर एक कात्रीसारखे दुमडलेले, पायांची टोकं पांढरी, आणि पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या असतील तर ती हर्मेशिया इल्युसेन्स, काळी सैनिक माशी. मूळची अमेरिकेकडची, आता जगभर पसरलेली. ती चावत नाही. तिला मारण्याचं काही कारण नाही. त्याच डब्याभोवतीची लाल डोळ्यांची चिलटं ड्रोसोफिलिडी कुळातली. त्यांच्यात डोक्यापासून छातीपर्यंत चांदीसारख्या पांढऱ्या उभ्या रेघा असलेली एक असते, झाप्रिऑनस इंडियानस. १९७० मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन भारतातल्या नमुन्यांवरून झालं. आणि पाठ कुबडी काढून, झटके देत पळणारी, उडण्यापेक्षा पळणं पसंत करणारी असेल तर ती फोरिडी. तिला वागण्यावरूनच ओळखतात.

लांबट अंगाची, मुंगीसारखी चालणारी, पुढचे पांढऱ्या टोकांचे पाय मिशांसारखे हलवणारी माशी मायक्रोपेझिडी. तिचा व्हिडिओ घ्या, फोटोपेक्षा तो जास्त कामाचा.

एक उदाहरण शेवटपर्यंत: कारल्यावरची माशी

कारलं, दोडका, दुधी, काकडी, घोसाळं यांच्यावर बसणाऱ्या फळमाश्यांत नेमका फरक काय, हे बघितलं की सगळी पद्धत हातात बसते. समजा फोटो वरून घेतलाय, माशी सातेक मिलिमीटरची, तांबूस-तपकिरी आहे.

आधी छातीवरचे पिवळे पट्टे मोजा. बाजूचे दोन आणि मध्ये एक असे तीन पट्टे आहेत की फक्त बाजूचे दोन? दोनच असून छाती बहुतांशी काळी, पंखाच्या पुढच्या कडेला अरुंद तपकिरी पट्टी, टोकाला ठळक ठिपका नाही, असं असेल तर बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसकडे जा, म्हणजे आंब्यावरची माशी. दोनच पट्टे, पण छाती तांबूस आणि पंखाची कडेची पट्टी तुटलेली, टोकाला फक्त छोटा ठिपका, तर बॅक्ट्रोसेरा झोनाटा किंवा करेक्टा. या दोघींना वेगळं करायला चेहरा लागतो: झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे काळे ठिपके, करेक्टाच्या ठिपक्यांची मिळून आडवी रेघ. चेहऱ्याचा फोटो नसेल तर दोन्ही नावं लिहून सोडून द्या. बाजूचे पिवळे पट्टे मुळीच नसतील तर डॅकस सिलिएटस, तीही वेलवर्गीयांवरच येते.

तीन पट्टे मोजले असतील तर तुम्ही झ्युगोडॅकसमध्ये आहात. पण इथे दोन उमेदवार उरतात, कुकुरबिटी आणि टाऊ, आणि दोन्ही वेलांवर येतात. दोघींच्या पंखाच्या टोकाला मोठा तपकिरी डाग असतो. फरक एका आडव्या शिरेपाशी आहे. पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात, मागच्या कडेच्या बाजूला, दोन लांब शिरांना जोडणारी एक आडवी शीर आहे. त्या शिरेवर तपकिरी छटा सांडल्यासारखी असेल तर कुकुरबिटी. ती शीर स्वच्छ असेल आणि छातीवर काळ्या खुणा जास्त असतील तर टाऊ. फोटो मोठा करून नेमकी तीच जागा बघा. मोबाइलने फोटो गुळगुळीत केला असेल तर ही छटा गायब होते, म्हणून वर फिल्टरबद्दल एवढं बोललो.

झ्युगोडॅकस कुकुरबिटी हे नाव जुन्या पत्रकांत, औषधांच्या डब्यांवर बॅक्ट्रोसेरा कुकुरबिटी असंच छापलेलं दिसेल. २०१५ मध्ये झ्युगोडॅकस ही वेगळी प्रजाती मानली गेली. त्याच वर्षी डॉर्सालिसमध्ये आधी स्वतंत्र समजल्या जाणाऱ्या काही ‘जाती’ विलीन झाल्या. तेव्हा दोन ठिकाणी दोन नावं दिसली तर घाबरू नका.

नाव कळलं की लगेच उपाय बदलतो. कुकुरबिटीचा नर क्यूल्यूर या गंधाच्या आमिषाकडे खेचला जातो. डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा यांचे नर मिथाइल युजेनॉल या दुसऱ्या आमिषाकडे. आंब्याच्या बागेसाठीचा कामगंध सापळा कारल्याच्या मांडवाखाली टांगून महिनाभर ‘सापळा रिकामाच’ म्हणणारे लोक भेटतात, त्यात सापळ्याचा दोष नसतो. सापळे नरच पकडतात, म्हणून एकट्या सापळ्याने फळं वाचत नाहीत. कोवळ्या फळांना कागदी पिशव्या घाला. वाकलेली, टोचे पडलेली फळं वेलावर आणि जमिनीवर ठेवू नका. अळी फळातून उडी मारून बाहेर पडते आणि मातीत कोषात जाते. ती फळं कंपोस्टमध्ये न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा.

अॅपला विचारताना, माणसाला विचारताना

आयनॅचरलिस्टसारखं, फोटोवरून जीव ओळखणारं अॅप वापरायला माझी हरकत नाही, ते वापराच. ते फोटोंवरून शिकलेलं असतं आणि त्याला ज्या जातींचे फोटो जास्त मिळाले तीच नावं त्याच्या तोंडी येतात. पट्टेरी सिरफिड असो की चकाकती हिरवी माशी, त्याने सुचवलेल्या नावासमोर ती जात जवळपास अपेक्षित असल्याची खूण आहे का बघा, मग त्या जातीचा नकाशा उघडा. नकाशावर सगळे ठिपके युरोप-अमेरिकेत असतील तर नाव सोडून द्या आणि कुळाचं नाव नोंदवा. आयनॅचरलिस्टवर नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ मिळायला एकाहून अधिक लोकांची ओळख आणि दोन तृतीयांशांहून जास्त सहमती लागते. पण ती सहमती चुकीचीही असू शकते: पहिल्याने अॅपचं नाव लिहिलं, दुसऱ्याने मान हलवली, एवढ्यावरही दर्जा मिळतो. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर भारतातल्या नोंदी बघता येतात, तिथेही शोधा.

जाणकाराला विचारायचं तर फोटोसोबत चार गोष्टी एका ओळीत लिहा: गाव, तारीख, आकार, झाड. उदाहरणार्थ, ‘सातारा, ऑगस्टचा दुसरा आठवडा, सात मिलिमीटर, दोडक्याच्या फुलाजवळ, पंख हळूहळू हलवत होती.’ सगळे फोटो एकाच माशीचे आहेत की वेगवेगळ्या, तेही सांगा. दोन माश्यांचे फोटो मिसळले की घोळ होतो. कापलेला फोटो द्या, पण मूळ फोटोही जोडा. घरच्या बागेतली नोंद सार्वजनिक करणार असाल तर ठिकाण अस्पष्ट करण्याची सोय असते, ती वापरा.

उत्तर ‘टेफ्रिटिडी, बहुधा बॅक्ट्रोसेरा’ असं आलं तर ते उत्तर कच्चं समजू नका. जातीच्या नावाआधी ‘सीएफ.’ लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ ‘हिच्याशी ताडून बघा’. फोटोत जेवढं आहे तेवढंच वाचून थांबणारा माणूस विश्वासाचा असतो. पहिल्याच फटक्यात, धूसर फोटोवरून, जात सांगून मोकळा होणाऱ्यापासून जरा जपूनच.

जुन्या वर्गीकरणाच्या चाव्या, म्हणजे एकेक खूण ताडत नावापर्यंत नेणाऱ्या याद्या, हव्या असतील तर एन्रिको ब्रुनेटी यांनी ‘फौना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत माश्यांवर लिहिलेले खंड इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. सिरफिडी कुळ १९२३ च्या खंडात आहे. नावं बरीच जुनी झालीत, पण वर्णनं अजून वापरण्याजोगी आहेत, आणि पंखांच्या आकृत्या फोटोशेजारी ठेवून बघण्यात मजा आहे.

फोटो पुरेना तेव्हा

काही माश्या फोटोवर कधीच जातीपर्यंत जाणार नाहीत. फळमाशीमुळे खरंच नुकसान होतंय आणि जात कळणं गरजेचं असेल तर दोन-चार नमुने गोळा करा. माशी डबीत पकडून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा, मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटमध्ये टाका. पंख मोडू नयेत म्हणून बाटली पूर्ण भरा, अर्धवट भरलेल्या बाटलीत नमुने हेलकावे खातात. शक्य असेल तर ज्या फळातून अळ्या निघाल्या ते फळ कोरड्या मातीच्या डब्यात ठेवून माश्या बाहेर पडू द्या. त्या नक्की कोणत्या फळातून आल्या हे मग छातीठोकपणे सांगता येतं, नुसत्या बसलेल्या माशीबद्दल ते सांगता येत नाही.

नमुने जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात न्या. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथे जाण्याआधी फोटो पाठवून विचारून घ्या. बाटलीत कागदाच्या चिठ्ठीवर गाव, तारीख, झाड आणि कुणी पकडली हे शिसपेन्सिलीने लिहून टाका. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते.